भोसरीची ‘नारी’ : एका संशोधन संस्थेची तीन दशके

शाहूपुरीतून निघणाऱ्या स्मरणिकेत पुण्याजवळच्या भोसरीतील एका सरकारी संशोधन संस्थेचा इतिहास कशासाठी, असे काही वाचक विचारतील. उत्तर आपल्या पेठेच्या जन्मातच आहे. १८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी ही व्यापारी पेठ वसवली. गुळाच्या अडती आल्या, वखारी आल्या, हमाल आणि गाडीवान आले. पुढे पुणे–बंगळूर महामार्गावरून ट्रक धावू लागले. माल जातो तिथे घरापासून लांब राहणारी माणसेही जातात, आणि १९९० च्या दशकात एचआयव्ही याच वाटांनी आपल्या भागात शिरला. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, बागलकोट हा सारा टापू जास्त लागणीचा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या काळात इथल्या डॉक्टरांनी तरुण पोरांना, आणि मागोमाग त्यांच्या बायकांना, डोळ्यांदेखत खंगताना पाहिले. हातात औषध नव्हते.

आज सीपीआर रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. पॉझिटिव्ह बाईला निगेटिव्ह बाळ होते, म्हणजे बाळ विषाणूपासून सुटते. नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह असलेली जोडपी वर्षानुवर्षे संसार करतात. हा बदल जगभरातल्या संशोधनातून आला, पण त्यातली काही महत्त्वाची पाने आपल्याच राज्यात, पुण्याच्या पेठांमधल्या दवाखान्यांत आणि भोसरीच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत लिहिली गेली. ती लिहिणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला ‘नारी’ म्हणत आले.

पुण्याला विषाणूंचा अभ्यास नवा नव्हता. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून तिथे विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. पाचच वर्षांत कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, जंगलात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जंगलात जाऊन नमुने आणले आणि गोचिडीवाटे पसरणारा एक नवाच विषाणू शोधून काढला. १९७८ मध्ये हे केंद्र राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले आणि डॉ. खुर्शीद पावरी तिच्या संचालक झाल्या. एका मोठ्या संशोधन संस्थेची धुरा बाईच्या हाती असणे त्या काळी विरळाच. एड्सचे नाव कानावर येऊ लागले तेव्हा या आजाराकडे गांभीर्याने पाहायला हवे, असे आग्रहाने सांगणाऱ्यांत त्या होत्या.

एचआयव्हीचा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांच्या गटाने वेगळा केला. भारतात तो प्रथम सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. निर्मला सेल्लप्पन या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात त्या वाढल्या. ‘आपल्याकडे हा रोग येणार नाही, आपली संस्कृती वेगळी’ असे म्हणणाऱ्यांचा समज त्या चाचण्यांनी मोडला. पुढे सुनीतीबाईंनी चेन्नईत वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने एचआयव्ही रुग्णांसाठी केंद्र उभारले. आपल्या वाचकांना सुनीतीबाईंचे नाव ठाऊक असायला हवे.

१९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्यात ‘नारी’ सुरू केली. जागा मिळाली भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत. पुण्याची निवड योग्यच होती. विषाणूशास्त्राची चाळीस वर्षांची परंपरा शहरात होती, ससूनसारखे मोठे रुग्णालय होते, बुधवार पेठेसारखी देहविक्रयाची वस्ती होती आणि रोज गावाकडून कामासाठी येणारे हजारो तरुण होते. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी सहकार्याचा करार झाला. डॉ. रॉबर्ट बोलिंजर आणि त्यांचे सहकारी पुण्याला येऊ-जाऊ लागले.

संस्थेचे पहिले खरे काम प्रयोगशाळेत झाले नाही, ते झाले गुप्तरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात. १३ मे १९९३ पासून पुण्यातल्या दोन दवाखान्यांत येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला समुपदेशक भेटू लागले. आधी समजावून सांगायचे, संमती घ्यायची, मग रक्त घ्यायचे. निकाल सांगतानाही पुन्हा बसून बोलायचे. ज्यांना लागण नाही त्यांना ठरावीक मुदतीने परत बोलवायचे. गुप्तरोगाच्या दवाखान्यात त्या काळी रुग्णाशी एवढे कोणी बोलत नसे. डोके खाली घालून यायचे, इंजेक्शन घ्यायचे आणि निघायचे, ही तिथली रीत. ‘नारी’च्या माणसांनी तिथे खुर्ची मांडून ऐकायला सुरुवात केली, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही शोधाइतकीच मोठी वाटते.

पहिल्या चौदा महिन्यांत २८०० रुग्ण तपासले गेले. त्यांतले ६५५ एचआयव्हीबाधित निघाले, म्हणजे २३.४ टक्के. पुरुषांमध्ये २१.२ टक्के, स्त्रियांमध्ये ३२.३ टक्के. १९९५ मध्ये हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. डॉ. जीनेट रॉड्रिग्ज यांच्यापासून सुरू होणाऱ्या लेखकांच्या यादीत संजय मेहेंदळे, रमण गंगाखेडकर, रमेश परांजपे, अरुण रिसबूड, दीपक गडकरी ही नावे आहेत. पुढच्या दोन दशकांचा इतिहास याच माणसांनी घडवला. जननेंद्रियांवर व्रण असेल, गरमीची चाचणी पॉझिटिव्ह असेल, शिक्षण झालेले नसेल, निरोध वापरला नसेल, तर धोका वाढतो, हे त्या आकड्यांतून दिसले. साधा वाटणारा जुनाट गुप्तरोग एचआयव्हीसाठी दार उघडून देतो, हे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या डॉक्टरांना त्यातून समजले.

पण संस्थेच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान त्यानंतरचे. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात याच दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा डॉ. गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी वेगळा अभ्यास केला. त्यांतल्या ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात लागण ४९.९ टक्के आढळली. भयंकर आकडा, पण कुणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. उरलेल्या ३९१ जणी घरसंसार करणाऱ्या होत्या. बहुतेकींच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष नव्हता. त्यांच्यातही १३.६ टक्के जणी बाधित होत्या. गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी संबंध, हेच त्यांच्या लागणीशी जोडलेले कारण. १९९७ मध्ये हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच ‘विवाहित, एकनिष्ठ स्त्रिया’ असा उल्लेख होता.

त्या वेळच्या सरकारी भिंतींवर काय लिहिलेले असे ते आठवून पाहा. जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, परस्त्रीपासून दूर राहा, निरोध वापरा. या तिन्हींपैकी एकाही गोष्टीने त्या संसारी बाईचे संरक्षण होत नव्हते. ती एकनिष्ठ होतीच. नवऱ्याला निरोध वापर म्हणण्याची तिची प्राज्ञा नव्हती, आणि म्हटलेच तर ‘तुला संशय येतो का’ इथून भांडण सुरू. मूल हवे असेल तर निरोधाचा प्रश्नच उरत नव्हता. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते म्हणून ती दवाखान्यात आली आणि परत गेली ती एचआयव्हीचा निकाल घेऊन. नवरा आधी गेला तर सासरच्यांनी दोष तिलाच दिला, अशा कहाण्या आपल्या जिल्ह्यातही गावोगाव आहेत. ‘नारी’च्या या निबंधाने एड्सचा प्रश्न वेश्यावस्तीतून उचलून माजघरात आणून ठेवला. माझ्या मते संस्थेने एवढे एकच काम केले असते तरी तिचे नाव राहिले असते.

यानंतरचे अनेक अभ्यास याच रुग्णांच्या पाठपुराव्यातून निघाले. जननेंद्रियांवरच्या नागिणीसारख्या फोडांचा विषाणू, म्हणजे हर्पिसचा दुसरा प्रकार, नुकताच अंगात शिरलेला असेल तर एचआयव्हीची लागण होण्याचा धोका कितीतरी वाढतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये २२९८ पुरुषांचा अभ्यास आला. सुंता झालेल्या पुरुषांना एचआयव्हीची लागण बरीच कमी, पण गरमी, परमा किंवा हर्पिस यांत मात्र फरक नाही, असे त्यात आढळले. फरक फक्त वागणुकीचा असता तर तो सगळ्याच गुप्तरोगांत दिसला असता, तेव्हा कारण शरीरातच असावे, हा त्यांचा तर्क. पुढे आफ्रिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी तो खरा ठरवला.

आता औषधांकडे वळू, कारण या संस्थेच्या पहिल्या दशकावर औषध नसण्याची सावली आहे. एझेडटी हे पहिले औषध १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. मुळात ते १९६४ साली कर्करोगासाठी बनवले गेले होते आणि तिथे उपयोगी न पडल्याने बाजूला पडले होते. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी ते बनवण्याची स्वस्त पद्धत शोधली आणि मुंबईच्या सिप्लाने १९९३ मध्ये ते भारतात आणले. पण एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होतो. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने घटले. त्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. भोसरीतला डॉक्टर रुग्णाला निदान सांगू शकत होता, क्षय आणि जुलाबावर औषध देऊ शकत होता, धीर देऊ शकत होता. मूळ विषाणूवर द्यायला त्याच्याकडे काही नव्हते, आणि उपचार जगात आहेत हे त्याला माहीत होते.

२००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी जाहीर केली. औषधांच्या जगातली ती मोठी उलथापालथ होती. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने आठ रुग्णालयांतून मोफत एआरटी सुरू केली. मुंबईचे जे. जे. त्यांत होते. पुढे केंद्रे वाढत जिल्ह्यांपर्यंत आली, कोल्हापुरातही आली. सुरुवातीला रक्तातल्या रोगप्रतिकारक सीडी४ पेशी २०० च्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. ही मर्यादा हळूहळू ३५० वर, मग ५०० वर गेली आणि २०१७ पासून निदान होताच गोळ्या, असे धोरण ठरले.

हे धोरण बदलण्यामागे जो पुरावा होता, त्यात पुण्याच्या जोडप्यांचा हिस्सा आहे. ‘एचपीटीएन ०५२’ हे त्या चाचणीचे रुक्ष नाव. नऊ देशांतली १७६३ जोडपी, प्रत्येक जोडप्यात एक बाधित आणि दुसरा नाही. अर्ध्यांना लगेच औषध दिले, अर्ध्यांना त्या काळच्या नियमाप्रमाणे पेशी कमी झाल्यावर. भारतात ही चाचणी पुण्यात ‘नारी’मध्ये आणि चेन्नईत झाली. २०११ मध्ये देखरेख समितीने निकाल पाहिले आणि वाट न पाहता ते जाहीर करायला सांगितले. बाधित जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या, लगेच औषध मिळालेल्या गटात एकच. लागण ९६ टक्क्यांनी कमी. ‘सायन्स’ नियतकालिकाने त्या वर्षातला सर्वांत मोठा शोध म्हणून याच चाचणीची निवड केली.

या निकालाने पुण्या-कोल्हापूरच्या संसारांत काय बदलले ते आकड्यांपलीकडे पाहायला हवे. तोवर अशा जोडप्याला डॉक्टरचा सल्ला एकच होता, कायम निरोध वापरा. म्हणजे मूल नाही. आपल्याकडे लग्नाला दोन-तीन वर्षे झाली की शेजारीपाजारी विचारू लागतात, सासू विचारते, आणि आजार लपवून ठेवलेल्या जोडप्याला उत्तर देता येत नाही. मग निरोध सुटतो आणि धोका पत्करला जातो. रोज गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू चाचणीतही सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही, हे सिद्ध झाल्यावर डॉक्टर प्रथमच अशा जोडप्याला सांगू शकले की तुम्ही मूल होऊ द्या. प्रजनन आरोग्याच्या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांतल्या मोठ्या बदलांमध्ये मी हा बदल धरतो.

आई आणि बाळाची कहाणी याला जोडूनच येते. गरोदर बाईला एझेडटी दिल्यास बाळाची लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते, हे १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समध्ये दिसले. १९९९ मध्ये युगांडात नेव्हिरापिनची एकच गोळी आईला आणि एक मात्रा बाळाला देऊन स्वस्तात बरेच साधते, हे कळले आणि भारताने तीच पद्धत स्वीकारली. पण अंगावर पाजण्याचे काय? डबाबंद दूध द्यावे तर स्वच्छ पाणी नाही, जुलाबाने बाळ दगावण्याची भीती. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि ससूनमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सहकार्याने याचा शोध घेतला गेला. पाजणाऱ्या आयांच्या बाळांना सहा आठवडे रोज नेव्हिरापिन देऊन पाहिले. भारत, इथिओपिया आणि युगांडा यांचे निकाल २००८ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सहाव्या आठवड्याला लागण ५.३ टक्क्यांऐवजी २.५ टक्के. सहा महिन्यांनी मात्र फरक बराच पुसट झाला. औषध थांबले की संरक्षण थांबते, हाच त्यातला धडा. २०१४ पासून गरोदर बाईला आयुष्यभराची तिहेरी औषधे लगेच सुरू होऊ लागली.

इथे ‘नारी’ची प्रयोगशाळा कामाला आली. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहतात, त्यामुळे नेहमीची चाचणी बाळाला लागण नसतानाही पॉझिटिव्ह येते. मग दीड वर्ष वाट पाहायची का? उपचार न मिळालेल्या बाधित बाळांतली निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. म्हणून प्रत्यक्ष विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी लागते. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते जाड कागदावर टिपायचे, सुकवायचे आणि पाकिटातून पाठवायचे. बर्फाची पेटी लागत नाही. २०१० पासून देशात सुरू झालेल्या या कार्यक्रमात ही चाचणी करणाऱ्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक भोसरीची होती. दीड महिन्याच्या बाळाचा निकाल कळू लागला, यात किती आयांची रात्रीची झोप परत आली असेल!

लसीचे काम मात्र निराशेचे ठरले, आणि तेही सांगितले पाहिजे. ७ फेब्रुवारी २००५ रोजी एचआयव्ही लसीची भारतातली पहिली मानवी चाचणी ‘नारी’त सुरू झाली. आपल्याकडे आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकाराची जनुके एका निरुपद्रवी विषाणूवर चढवून ती लस बनवली होती. तीस निरोगी स्वयंसेवक पुढे आले. एड्सच्या नावाने लोक दचकत, त्या काळात घरच्यांना सांगून, शेजाऱ्यांच्या नजरा सोसून ही माणसे दंडावर सुई घ्यायला गेली. लस सुरक्षित ठरली, पण तिने शरीरात जागवलेला प्रतिसाद तोकडा होता. पुढे दुसऱ्या लसींच्या चाचण्या झाल्या. जगाकडेही अजून एचआयव्हीची लस नाही. त्या स्वयंसेवकांची नावे कुठे छापलेली नाहीत आणि छापूही नयेत, पण संस्थेच्या इतिहासात त्यांची जागा शास्त्रज्ञांच्या बरोबरीची आहे.

बाईच्या हातात राहील असे काहीतरी हवे, नवऱ्याच्या परवानगीची गरज नसलेले, या विचारातून ‘नारी’ने योनीमार्गात लावायच्या जेलच्या आणि गोळ्यांच्या चाचण्या केल्या. डॉ. जी. पी. तलवार यांनी तयार केलेली ‘प्रनीम’ ही वनस्पतीजन्य गोळी पुण्यातल्या स्त्रियांनी वापरून पाहिली. टेनोफोविर जेलच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत अमेरिकेतल्या केंद्रांबरोबर पुणे होते. सगळ्यांत मिळून २०० स्त्रिया होत्या. या चाचण्यांत नवऱ्यांनाही विचारले गेले, त्यांना हे कळले तर चालेल का, याचाही अभ्यास झाला. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत टेनोफोविर जेलने ३९ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले, नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाही. बायकांना रोजच्या धबडग्यात ते नेमाने वापरणे जमत नव्हते. २०२४ मध्ये लेनाकापाविर या वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनाने आफ्रिकेतल्या दोन हजारांहून अधिक तरुण स्त्रियांत एकही लागण होऊ दिली नाही. पुण्याच्या स्त्रियांनी ज्या शोधाला हातभार लावला, त्याची ही पुढची पायरी आहे.

आता थोडे आपल्या जिल्ह्याविषयी. २००५ नंतर देशातल्या जास्त धोक्याच्या गटांची वर्तणूक आणि रक्त अशी दुहेरी पाहणी झाली. तिची सूत्रे ‘नारी’कडे होती. महाराष्ट्रातल्या निवडक जिल्ह्यांत कोल्हापूर होते. त्याआधीच शेजारच्या सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्यकार्यकर्त्या बनवून निरोध पोहोचवायला सुरुवात केली होती. कोल्हापूर संस्थानाने १९२० मध्ये मुलींना देवाला जोगतिणी-मुरळ्या म्हणून सोडण्याच्या प्रथेवर बंदी घातली. त्या प्रथेत सापडलेल्या घराण्यांतल्या मुलींपर्यंत सत्तर वर्षांनी हा विषाणू पोहोचला, यावरून कायदा आणि आयुष्य यांत किती अंतर उरते ते कळते. भोसरीच्या तज्ज्ञांनी आकडे दिले, सांगलीच्या बायकांनी निरोध पोहोचवले. एकाशिवाय दुसऱ्याचे काम अपुरे राहिले असते.

नवऱ्याकडून बायकोपर्यंत येणारा आणखी एक विषाणू आहे, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा एचपीव्ही. एचआयव्हीबाधित स्त्रियांत हा कर्करोग जास्त होतो. ‘नारी’त काम केलेल्या डॉ. स्मिता जोशी आणि पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने अशा स्त्रियांच्या तपासणीची पद्धत बसवली. उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांच्या पाहणीत बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने आणि टाटा रुग्णालयाने २००९ साली दाखवून दिले की आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही चाचणी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. एचपीव्ही लसीच्या अभ्यासातही पुणे आणि बार्शी होते. २०१० मध्ये सरकारी आदेशाने तो मध्येच थांबला, त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. दहा वर्षांनी त्या एका मात्रेचे संरक्षण तीन मात्रांइतकेच निघाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एका मात्रेला मान्यता दिली, आणि त्यामागे आपल्या राज्यातल्या मुलीही आहेत.

डॉ. गडकरी, डॉ. परांजपे, डॉ. गंगाखेडकर, डॉ. समीरन पांडा, डॉ. शीला गोडबोले अशांनी वेगवेगळ्या काळात संस्थेची धुरा वाहिली. २०२० मध्ये डॉ. गंगाखेडकरांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी कोरोना आला आणि संस्था कोविडच्या तपासणीत उतरली. अलीकडे तिचे नावही बदलले, ती आता राष्ट्रीय ट्रान्सलेशनल विषाणूशास्त्र आणि एड्स संशोधन संस्था झाली आहे. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र ‘नारी’च आहे.

२०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते आणि त्यांतले जवळपास ३.९ लाख महाराष्ट्रात, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. गोळ्या आहेत, चाचणी मोफत आहे, २०१७ च्या कायद्याने गुप्ततेची हमी दिली आहे. तरीही १९९७ चा तो निबंध आजही आपल्याला लागू आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत रक्त फक्त बाईचे घेतले जाते आणि नवरा बाहेर गाडीवर बसून राहतो. नवव्या महिन्यात किंवा पाजण्याच्या काळात त्याच्याकडून तिला लागण झाली, तर तिच्या पहिल्या निगेटिव्ह चाचणीचा काही उपयोग नाही. कोल्हापुरातल्या सर्व स्त्रीरोगतज्ज्ञांना, आशाताईंना आणि सासू-सासऱ्यांना विनंती आहे की पहिल्या तपासणीला नवऱ्याला आत बोलवा आणि त्याचेही रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.